झुंबरनं म्हैस सांभाळून ठेवली

नदीकाठच्या एका गावात झुंबर नावाचा भोळा पोरगा राहायचा. भोळा इतका, की कुणी "जरा थांब" म्हटलं, तर माणूस परत येईपर्यंत तिथंच उभा.

झुंबरचा बाप घोंगड्या विणायचा. तो वारला तेव्हा मागं एक डबा ठेवून गेला. डब्यात नोटा होत्या. झुंबरची आई कोंडाबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. तिचे गुडघे आता वाकत नव्हते. दारात एक दुभती म्हैस आली असती, तर तिचं खुरपं सुटलं असतं. पण म्हशीला पैसे थोडे कमी पडत होते.

"हे तुझ्या बापाचं धन," आई म्हणाली. "कुणाच्या नजरेस पडू देऊ नको. परसात पुरून ठेव."

"बरं, कळलं," झुंबर म्हणाला. त्यानं डबा पुरला. इथवर ठीक होतं.

मग डब्यातल्या थोड्या पैशांतून आईनं एक शेळी घेतली. व्याली की करडं विकू, म्हशीला भर पडेल. दुपारी ती रानातून आली, तर परसात मातीतून शेळीचं नुसतं मुंडकं बाहेर. ते ओरडत होतं.

"अरे, हे काय केलंस?"

"बापाचंच धन ना? पुरलं."

"मग तोंड का बाहेर ठेवलं?"

"तिला काहीतरी बोलायचं होतं."

मामा धावत आला. दोघांनी शेळी उकरून काढली. मामा म्हणाला, "येड्या, हे धन सकाळी माळावर मोकळं सोडायचं. दिवसभर चरतं, संध्याकाळी आपल्या पायानं घरी येतं."

"बरं, कळलं."

आठवड्यानं मामानं त्याला बाजारातून हरभऱ्याचं बियाणं आणायला पाठवलं. झुंबरनं पोतं घेतलं, माळावर नेलं, तोंड सोडलं आणि घरी आला. दिवेलागणीला तो उंबऱ्यावर बसून रस्त्याकडं बघत होता.

"बियाणं कुठंय रे?" मामानं विचारलं.

"येईल आता. पहिलाच दिवस आहे, वाट चुकलं असंल."

पाखरांनी तोवर माळ साफ केला होता. मामानं कपाळावर हात मारला. "अरे, दाणा सोडत नाहीत. मातीत पेरतात, पाणी देतात. मग एकाचे शंभर होतात."

"बरं, कळलं."

पावसाळा तोंडावर आला. आई म्हणाली, "डबा गंजेल. नोटा काढ आणि नीट जागी लाव." झुंबरनं वाफा केला. वीतभर अंतरावर एकेक नोट लावली आणि झारीनं पाणी घातलं. आईनं त्या वेचून पापडांसारख्या खाटेवर वाळत घातल्या.

वाटेनं चाललेले गुरुजी थांबले. म्हणाले, "झुंबर, घामाची कमाई घरात ठेवायची नसते. पतसंस्थेत ठेवावी. वर्षभर हात लावू नये. ती तिथं आपोआप वाढते."

"बरं, कळलं."

झुंबरला सांगणारे पुष्कळ होते. एकदा तरी सोबत चालणारं कुणी नव्हतं.

पण या वेळी त्यानं अगदी बरोबर केलं. पैसे पतसंस्थेत ठेवले. वर्षभर हात लावला नाही. व्याज चढलं, शेळीच्या करडांचे पैसे आले आणि म्हशीचा भाव जमला. आईनं खुरपं आढ्याला खोचलं. नवं दावं वळलं.

बाजाराच्या दिवशी सकाळीच झुंबरनं पैसे काढले. बाजारात दहा म्हशी पाहिल्या. एक निवडली. काळीभोर, कासेला भरलेली. फसला नाही, जास्त पैसे दिले नाहीत.

अंधार पडताना तो घरी आला. हात हलवत.

"म्हैस कुठंय?" आईनं विचारलं.

"पतसंस्थेत ठेवली."

आई खालीच बसली.

"घामाची कमाई घरात ठेवायची नसते," झुंबरनं समजावलं. "वर्षभर हात लावायचा नाही. पुढच्या साली रेडकांसकट घेऊन येऊ."

"साहेबांनी ठेवून घेतली?"

"कुलूप लागलं होतं. पण पायरीवर एक पाहुणा बसला होता. त्याला सगळं नीट सांगितलं. तो म्हणाला, वर्षभरच कशाला, दहा वर्षं ठेव."

"कोण होता? नाव काय त्याचं?"

"नाव नाही विचारलं. पण माणूस फार मायाळू. दावं हातात घेतलं आणि म्हणाला, जा, आईला सांग, आता म्हशीची काळजी मिटली."