बुधरीची वाघूर

कोसंबटोल्यात तेव्हा एक नियम होता, आणि त्याला ‘का’ म्हणून विचारायचं नाही, हा दुसरा. वाघुरीत आलेलं जनावर सोडायचं नाही. वाघूर म्हणजे शिकारीचं जाळं. नर असो, गाभण मादी असो, दोन दिवसांचं पाडस असो, जंगलानं धाडलं म्हणजे खायचं.

ही फार फार जुनी गोष्ट. त्या गावात बुधरी नावाची मुलगी होती. अंबाडीच्या दोरीची वाघूर विणायची आणि फाटली की सांधायची, हे तिच्या घराण्याचं काम. आई गेल्यावर ती विद्या एकट्या बुधरीच्या बोटांत उरली. शिकारी जंगल बघत, बुधरी भोकं बघे. आधी हाका झाला, म्हणजे ढोल बडवून जनावरं जाळ्याकडं पिटाळली, की वाघूर शिंगांनी फाटून चिंध्या होऊन यायची. मग भोकं कमी होत गेली. एका वर्षी वाघूर जशी नेली तशीच परत आली.

“आजा, चितळ संपत आले,” ती गावच्या म्होरक्याला, मानकू आजाला म्हणाली.

“अगं, तुझी दोरी मजबूत झाली!” आजा हसला. “विणत बस, पोरी.”

बुधरी विणत बसली. पण त्या साली तिनं जाळ्याची घरं एवढी मोठी ठेवली, की बिनशिंगाचं चितळ आरपार जावं आणि शिंगाचं तेवढं अडकावं.

हाका झाला. ढोल वाजले, कळप उधळला. कुडातून धूर निघावा तशा माद्या त्या दोरीतून निघून गेल्या. एकीचाही केस अडकला नाही, असं म्हणतात. मागं राहिला एक म्हातारा शिंगांचा नर, आणि त्याच्याभोवती गाठी आपोआप आवळल्या. त्या एकट्यावर सगळं गाव जेवलं, पाहुणे जेवले, तरी हंडा रिकामा होईना, असंही म्हणतात.

पोटं भरल्यावर म्हाताऱ्यांना राग आला. त्यांनी बुधरीला चावडीवर बोलावलं.

“घरं बारीक कर,” मानकू आजा म्हणाला. “बापजाद्यांची रीत आहे.”

“बापजाद्यांच्या वेळी चितळही होते, आजा.”

“तोंड लय चालते तुझं! बारीक कर, नाहीतर गाव सोड.”

“सोडते. पण गाभण मादीला अडवेल अशी एक गाठ हे हात मारणार नाहीत. तुमची रीत आहे ना? मग विणा तुम्हीच.”

म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं. गाठ कुणालाच येत नव्हती. त्या दिवसापासून वाघूर बुधरीच्या मापानंच लागली, आणि कळप वाढत गेला.

पुढं हरणाला हातच लावायचा नाही, असा सरकारी कायदा आला. वाघुरी गेल्या. पण अजूनही मोह फुलला की कोसंबटोल्यात वेशीजवळच्या एका झाडाखालची फुलं कुणी वेचत नाही. ती बुधरीच्या नावानं चितळांची. सकाळी बघावं, तर फुलं संपलेली असतात आणि खाली लहानमोठी खुरं उमटलेली.