रिकाम्या पेटाऱ्याची सात कुलपं

एका गावात (नाव विचारू नका, तिथले लोक अजून माझ्यावर चिडून आहेत) गेनबा नावाचा एक लोहार होता. तो फक्त कुलपं करायचा. विळा, कोयता, नांगराचा फाळ असलं काही त्याला सांगायचं नाही. पण कुलूप असं करायचा, की एका चोराने त्याच्या एका कुलपापुढे तीन रात्री घालवल्या आणि चौथ्या दिवशी सकाळी मुकाट दुकानात येऊन स्वतःच्या घरासाठी तसलंच एक नेलं.

गेनबाचा एक नियम होता. गिऱ्हाईक आलं की तो आधी विचारायचा, "आत काय आहे?" काही नाही म्हटलं की त्याला तसंच परत पाठवायचा. "रिकाम्या पेटीला कुलूप लावू नये. कुलूप दिसलं की बघणाऱ्याला वाटतं, आत काहीतरी आहे." हे तो दिवसातून चार वेळा तरी ऐकवायचा. त्याची पाच वर्षांची मुलगी ठकू भात्याशेजारी खेळत बसलेली असायची. तिला ते पाठ झालं होतं.

ठकू दिवसभर कुणाचं ऐकायची नाही आणि रात्री झोपायची नाही. कधी पाणी हवं, कधी गोष्ट हवी, कधी चंद्र कुठे गेला ते बघून यायचं. एका रात्री गेनबा दमला होता. चौथ्यांदा पाणी पाजून झाल्यावर तो म्हणाला, "झोप आता. नाहीतर त्या पेटाऱ्यातला बागुलबुवा बाहेर येईल."

पेटारा ठकूच्या खाटेला खेटूनच ठेवलेला होता. मोठा, लाकडी, आणि थंडीच्या गोधड्या बाहेर काढल्यापासून अगदी रिकामा. ठकू त्या रात्री लगेच गप्प झाली. गेनबाला वाटलं, किती सोपा उपाय सापडला. पहिल्या रात्री सगळ्याच आईबापांना असं वाटतं.

दुसऱ्या रात्री ठकूने त्याला हलवून उठवलं. "बाबा, तो जागा आहे."

"कोण?"

"पेटाऱ्यातला."

"अगं, त्यात काही नाही."

"मग काल कसा होता?"

गेनबाने कूस बदलून घोरण्याचं सोंग केलं. तुम्हीही तेच केलं असतं. तिसऱ्या रात्री बागुलबुवाला गुडघे फुटले, तेही तीन. चौथ्या रात्री त्याला मिशा आल्या, थेट गेनबासारख्या. गेनबाने समजावलं, दटावलं, हात जोडले. ठकूने सगळं नीट ऐकून घेतलं आणि पुन्हा भोकाड पसरलं.

नेमकं याच दिवसांत राजाच्या कोठाराच्या कुलपाचं काम त्याच्याकडे आलेलं. पौर्णिमेपर्यंत द्यायचं होतं. नाही दिलं तर काम जाणार शेजारगावच्या लोहाराकडे, आणि त्या लोहाराची कुलपं जवळ कुणी जोरात शिंकलं तरी उघडायची. गेनबाला ही कल्पनाही सहन होत नव्हती. पण रात्रभर जागून दिवसा हात कसा चालणार? कानस घासता घासता तो झोपायचा. तीन किल्ल्या वाया गेल्या. एकदा तर ऐरणीवर डोकं ठेवून घोरला, आणि ते घोरणं ऐकून भाता फुंकणाऱ्याला वाटलं भाताच फाटला.

शेवटी गेनबाने त्याला जे येत होतं ते केलं. पेटाऱ्याला कडीकोयंडा ठोकला आणि एक दणकट कुलूप लावलं. "घे. आता तो बाहेर येणं शक्य नाही. झोप."

ठकू त्या कुलपाकडे बराच वेळ बघत राहिली. आणि त्या रात्री आधीच्या सगळ्या रात्रींपेक्षा जास्त रडली.

दुसऱ्या दिवशी गेनबाने शेजारी दुसरं कुलूप लावलं. त्या रात्री ठकू म्हणाली, "बाबा, आता तो खुळखुळतोय." मग तिसरं लावलं. चौथं लावलं. जितकी कुलपं वाढली तितका बागुलबुवा वाढला. पहिल्या कुलपापासून सातव्या दिवशी पेटाऱ्याच्या तोंडावर सात कोयंडे आणि सात कुलपं ओळीने लोंबत होती. एवढी तर राजाच्या खजिन्यालाही नव्हती. ठकूची आई सारजा सगळं बघत होती. ती म्हणाली, "आता एक माझ्या तोंडाला लावा, म्हणजे घर पुरं होईल." गेनबा कानस उचलून दुकानाकडे निघाला. तेवढं शहाणपण त्याच्यात होतं.

गावात कुजबुज सुरू झाली. गेनबासारखा माणूस उगाच सात कुलपं लावणार नाही. आत काहीतरी आहे. शेजारीण विस्तव मागायला यायची ती उंबऱ्याबाहेरूनच मागायला लागली.

सातवं कुलूप लावल्याच्या दुसऱ्या रात्री तर कमाल झाली. ठकू रडून रडून दमली आणि बापाच्या पोटावर झोपली. तिच्या त्या छोट्या खाटेवर गेनबा अंग आखडून पडला होता. त्याने जरा कूस बदलली. पेटाऱ्यातून आवाज आला, खुळखुळ. गेनबाचे डोळे टक्क उघडले. तो थरथरला. पुन्हा खुळखुळ. आता हे सांगताना मलाच लाज वाटते, पण गावातल्या सगळ्यात पक्क्या कुलपांच्या मालकाने गोधडी डोक्यावरून ओढून घेतली आणि उजाडेपर्यंत बाहेर राहिली ती फक्त पावलं, कारण गोधडी ठकूची होती.

सकाळी दुकानात राजाचा कारभारी आला. "कुलूप कुठवर आलं? कोठार अजून रिकामं आहे, पण लावून ठेवू म्हणतो."

गेनबाच्या डोळ्यांवर झोप होती, पण सवय तोंडात होती. "रिकाम्या कोठाराला कुलूप कशाला, कारभारी? लोकांना वाटेल आत काहीतरी दडवलंय. आधी धान्य येऊ द्या, मग घेऊन जा."

कारभाऱ्याने कान खाजवला. "तेही खरंच," असं म्हणून तो निघून गेला.

भात्याशेजारून ठकूचा आवाज आला. "बाबा, मग आपल्या पेटाऱ्यात काय आहे?"

गेनबाच्या हातातली कानस खाली पडली. कुलपं लागल्यापासून ही पोरगी जास्तच का रडत होती, ते त्याला आत्ता कळलं. तिचा बाप रिकाम्या पेटीला कधी कुलूप लावत नव्हता. आणि त्याने सात लावली होती.

त्याने किल्ल्यांचा जुडगा उचलला, ठकूचं बोट धरलं आणि भर उन्हात घर गाठलं. पण पेटाऱ्यासमोर आल्यावर त्याला रात्रीचा आवाज आठवला. किल्ली शोधण्याचं निमित्त करून तो खाटेवर टेकला. खुळखुळ. गेनबा ताडकन उठला.

ठकूने कुलपांकडे बघितलं. मग खाटेकडे. "बाबा, परत बस."

तो बसला. खुळखुळ.

"ऊठ. आता परत बस."

खुळखुळ. खाट पेटाऱ्यावर आपटत होती आणि सात कुलपं एकमेकांवर. ठकूने बापाला अकरा वेळा उठवलं आणि बसवलं. दाराशी उभी राहून सारजा पदरात तोंड लपवून हसत होती. "अजून एकदा बसवू का गं त्यांना?" तिने विचारलं. ठकू म्हणाली, "नको, खाट मोडेल."

मग गेनबाने जुडगा तिच्या हातात दिला. "तू उघड."

सहा कुलपं तिने उघडली. सातवं उघडेना. गेनबाने ते झोपेत केलं होतं, त्यामुळे त्याची किल्ली त्यालाच लागत नव्हती. कापता कापता दिवस कलला. कुलूप इतकं पक्कं, की त्याला राग यावा की अभिमान वाटावा, ते त्याचं त्यालाच कळेना. शेवटी कडी तुटली. ठकूने दोन्ही हातांनी झाकण वर ढकललं, आत वाकून बघितलं, मग सरळ आत उतरली आणि चारी कोपरे चाचपले.

"कुणी नाही," ती म्हणाली. "तूपण बघ."

गेनबानेही डोकं घालून बघितलं. अगदी मनापासून बघितलं.

"तो होता की तू उगाच म्हणालास?"

"उगाच म्हणालो. दमलो होतो."

"मग परत म्हणू नकोस," ठकू म्हणाली, आणि पेटाऱ्यातच बाहुली मांडून बसली.

त्या रात्री तिने दोनदा पाणी मागितलं. ते काही सुटलं नाही. गेनबाने दोन्ही वेळा मुकाट उठून दिलं, आणि मग तो जो झोपला तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. कोठारात धान्य आलं त्या दिवशी कुलूपही तयार होतं, आणि त्याची किल्ली पहिल्याच फेऱ्यात लागली.

तात्पर्य: मुलाची भीती बंद करून ठेवली की ती आत बसून वाढते, दिवसाउजेडी किल्ली त्याच्याच हातात देऊन उघडून दाखवली की संपते. आणि मुळात मूल झोपावं म्हणून घरात बागुलबुवा आणणाऱ्याने आपल्या झोपेची आशा सोडावी.