मेंढरांचा वास

कोण्या एके काळी म्हाकूबाई धनगरणीच्या वाडग्यात तेलराव आणि त्याची बायको पाणीबाई नांदत होती. नांदत कसली, तेलराव वर ऐसपैस आणि पाणीबाई तळाला रुसलेली.

म्हाकूबाईच्या टाचा भेगाळून रक्त यायचं. ती म्हणाली, "एकजीव होऊन मलम व्हा, नाहीतर उकिरड्यावर ओतते."

रवी म्हणाली, "हात्तिच्या, मी घुसळते की." ती फिरत होती तोवर दोघं गळ्यात गळे घालून होती. ती दम खायला थांबली आणि तेलराव पुन्हा वर जाऊन बसला.

मग लोकरीतून निघालेली मेणमावशी वाडग्यात उतरली.

"शी, हिला मेंढरांचा वास येतो," तेलराव म्हणाला.

"येतो की. तुम्ही तरी कुठलं अत्तर, जावईबापू?"

चुलीच्या उबेला मावशी विरघळली. रवी पुन्हा फिरली, तशी मावशीने एका हाताने तेलरावाला धरलं, दुसऱ्याने पाणीबाईचा थेंबन् थेंब. रवी थांबली, वाडगं निवलं, तरी तिने दोघांना सोडलं नाही.

म्हाकूबाईच्या टाचा भरून आल्या. वाडग्याला देव्हाऱ्याशेजारचा कोनाडा मिळाला आणि तिघांचा संसार सुखाचा झाला. तेलराव मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "आमचं पहिल्यापासूनच असं गोड आहे."