ठकू सुईण आणि गाडग्यातला शब्द

एका राज्यात राजाने एक क्रियापदच बंद केलं. कसं, ते ऐका.

राजा मानधराचा एकुलता एक पुत्र अंशुमान एके दिवशी म्हणाला, "महाराज, मला सोडा. गलबत घेऊन समुद्रापार जाईन म्हणतो." राजाने झटकन त्याचं मनगट पकडलं आणि मांत्रिक कुलुपनाथाला आज्ञा केली, "'सोड' हा शब्दच माझ्या राज्यातून काढून घे."

मांत्रिकाने घेतला आणि डोंगरातल्या गुहेत नेऊन ठेवला.

शब्द गेला, तसं त्याचं कामही गेलं. बाण धनुष्याला चिकटले. गाई पान्हा सोडीनात. कणीक मळणाऱ्या बायकांचे हात परातीत अडकले. राजाची मूठ युवराजाच्या मनगटावर होती, ती तिथेच राहिली. बापलेक एका ताटात जेवू लागले. राजाला ते बरंच वाटलं.

त्याच नगरात ठकू सुईण राहायची. अर्धं राज्य तिच्या हातावर जन्मलेलं. तिची लेक हौसा दोन दिवस कळा देत होती आणि मूल काही सुटत नव्हतं. ठकूने पोटावर हात फिरवून ताडलं, उन्हं कलायच्या आत शब्द आला नाही तर दोन्ही जीव जातील. ती तशीच, काठीसुद्धा न घेता निघाली. काठी घेतली असती तर हाताला चिकटली असती.

वाटेत एक धनेश पक्षी वडाभोवती घिरट्या घालत होता. फांदी पकडली की पाय तिथेच चिकटणार, म्हणून बसायची त्याला सोय नव्हती.

"कुठं निघालीस म्हातारे?"

"शब्द आणायला. वाट ठाऊक असेल तर दाखव, नाहीतर गप्प राहा."

"दाखवतो. माझी मादी ढोलीत आहे. अंडी घालताना तिने आतून ढोलीचं दार चिखलाने लिंपून घेतलं. आता पिल्लं वाढली, पण भिंत फुटत नाही. बस पाठीवर. मात्र मला धरू नकोस, नाहीतर जन्मभर तुला वाहावं लागेल."

न धरता बसणं हे पहिलं काम. तीन डोंगर ओलांडेपर्यंत ठकूने हात मांडीवरून हलवले नाहीत.

दुसरं काम गुहेत होतं. कुलुपनाथाने झाकण घातलेली तीन गाडगी मांडली. "तिन्हींत तोच शब्द बोलतो. पण जिथून तो निघाला, ते मूळ एकाच गाडग्यात आहे. चुकलीस तर दगड होशील."

पहिल्यातून शिकारी बोलला, "बाण सोड." दुसऱ्यातून कुणी राजा बोलला, "बंदी सोड." तिसऱ्यातून एक बोबडं लेकरू म्हणालं, "आई, माझं बोट सोड."

"शिकारी जुना आणि राजा थोर," मांत्रिक म्हणाला. "नीट विचार कर."

"विचार कसला करायचा? शिकारी झाला तरी आधी पायावर उभा राहायला शिकला ना? पहिलं पाऊल टाकताना लेकराने आईला सांगितलं, तिथलाच हा शब्द. पुढे तो बाणाला लागला, बेडीला लागला."

तिने तिसरं गाडगं उचललं. ते हाताला चिकटलं, पण ती दगड झाली नाही.

"शब्द तुझा," कुलुपनाथ म्हणाला. "पण ज्याने बंद करवला, त्याच्याच तोंडून तो आधी निघाला पाहिजे."

हे तिसरं काम. धनेशाने तिला दरबारात उतरवलं.

"महाराज, झाकण काढा आणि बोला," ठकू म्हणाली. "माझी लेक मरतेय."

"बोललो तर मुलगा जाईल."

"जाईल."

"आणि परत आला नाही तर?"

"तर रडा. मी येईन शेजारी बसायला. पण तुम्ही काय सांभाळताय, ते एकदा त्याच्या हाताकडे बघून सांगा."

राजाने पाहिलं. युवराजाची बोटं निळीकाळी पडली होती.

राजाने डाव्या हाताने झाकण काढलं. मग तो म्हणाला, "सोडलं तुला, बाळा."

मूठ उघडली. बाण सुटले, गाई पान्हावल्या, ढोलीची भिंत ढासळली. गाडगं ठकूच्या हातून गळून फुटलं. राजाने इनामाचं नाव काढलं, तेव्हा ती दरवाज्याबाहेर होती. घरी पोचली, तर हौसा सुटली होती. मुलगी झाली होती आणि सगळी आळी गोळा होईल अशी रडत होती. ठकूने हात धुतले आणि नाळ कापली.

पुढच्या भरतीला अंशुमानचं गलबत निघालं. धक्क्यावरचा दोर राजाने स्वतः सोडला. शीड दिसेनासं झालं तरी बराच वेळ तो तिथेच उभा होता. मग घरी गेला आणि वेगळ्या ताटात जेवला.