झुळझुळीत शेपटीचा मासा

एक होता राजा, आणि त्याच्या महालापुढे होता एक मोठा दगडी हौद. त्यातल्या माशांचा राजाला भारी अभिमान. एकदा तिथला धर्मा भोई सहज बोलून गेला, "महाराज, हे मासे तर आमच्या ओढ्यातल्यासारखेच की!" झालं! राजाचं डोकंच फिरलं. त्याने धर्माला तळघरात कोंडलं आणि त्याच्या बायकोला, म्हाळसेला, बजावलं, "राणीच्या पदरासारखी शेपटी असलेले मासे कर. मगच नवरा सुटेल."

आता मासे का कुणाला विणता येतात? पण म्हाळसा मोठी धीराची, बरं का. तिने सगळ्यांत लांब शेपटीची जोडी वेगळी ठेवली. मग त्यांची पिल्लं झाली. त्यांतली लांब शेपटीची पुन्हा वेगळी. आखूड शेपटीची बगळ्यांना घालायचा हुकूम होता, पण तिचं मन धजेना. ती त्यांना घागरीत लपवून ओढ्यात सोडायची. पहारेकऱ्यासमोरून जाताना घागरीवर पदर ओढून घ्यायची.

पहिल्या वर्षी शेपटी झाली बोटभर. दुसऱ्या वर्षी वीतभर. तिसऱ्या वर्षी अशी झुळझुळीत, की राणीने आपला पदरच लपवला. राजा खूश. म्हणाला, "उद्या सोडतो तुझ्या धर्माला."

आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी हौदात शिरली पाणदिवड! माणसाला काही करत नाही हो हा साप, पण माशांचा काळच. मासे पळायला गेले, तर शेपट्यांतच गुरफटले. एक गेला, दोन गेले, हौद रिकामा. राजा लालबुंद. "सूर्य मावळायच्या आत हौद माशांनी भर. नाहीतर धर्मा संपला!"

म्हाळसा ओढ्यावर धावली. घागर बुडवली, रिकामी. पुन्हा बुडवली, रिकामी. तिला रडूच फुटलं. तिसऱ्यांदा बुडवली, तर आत आखूड शेपटीचे, शेवाळी रंगाचे मासे वळवळले. तिने सोडलेल्या पिल्लांचीच ही पिल्लं.

तिने ते हौदात ओतले. राजाने तलवार उपसली. "हे असले मासे?"

"थांबा महाराज. चटावलेली दिवड येईलच. तिने एक जरी धरला, तर आधी माझी मान उडवा."

आली की दिवड, सळसळ सळसळ! तिने झडप घातली, मासे निसटले. पुन्हा घातली, मासे शेवाळात दिसेनासे झाले. तिसऱ्यांदा घातली, तोंडात नुसतं पाणी. मग ती दमली आणि भिंतीवरून निघून गेली.

राजा बघतच राहिला. "यांना शिकवलं कुणी?"

"कुणीच नाही, महाराज. इथे मी निवडत होते, ओढ्यात दिवडी निवडत होत्या. मी लांब शेपट्या राखल्या. तिथे त्यांच्या तावडीतून सुटले तेवढेच उरले. ही त्यांचीच पिल्लं."

राजाची तलवार म्यानात गेली. तळघर उघडलं. तीन वर्षांनी धर्मा उन्हात आला. म्हाळसा त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. धर्माने डोळे पुसले, हौदात पाहिलं आणि म्हणाला, "अगं, हे तर आमच्या ओढ्यात..."

म्हाळसेने झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. पण राजाच हसला, मग सगळेच हसले, आणि सगळे सुखाने राहिले.

चला, मिटा डोळे आता. मासे डोळे मिटत नाहीत, पण तुम्ही काही मासे नाही.