दारातली गाठोडी

एके काळी एका माणसाच्या यकृतात पेशींचं भरलं गाव होतं. गावाची रीत अशी, की मरणाची वेळ झाली की प्रत्येकीने आपला पसारा आवरायचा, त्याची गाठोडी बांधून दारात ठेवायची आणि मुकाट जायचं. शेजारणी ती गाठोडी वाटून घेत.

एके दिवशी विष आलं. "एवढं आवरू द्या हो!" पेशी विनवत राहिल्या आणि आवरता आवरताच फुटल्या. त्यांच्यातलं जळजळीत पाणी शेजारणींवर सांडलं. मग त्याही फुटल्या.

कोपऱ्यातली एक म्हातारी पेशी तेवढी वाचली. पुढे तिचीही वेळ झाली. तिने रीतीप्रमाणे गाठोडी बांधली, दारात ठेवली आणि हाक दिली, "अगं, उचला गं कुणीतरी!"

उचलायला कुणीच उरलं नव्हतं. गाठोडी दारातच कुजली, फुटली आणि त्यांतूनही तेच जळजळीत पाणी वाहू लागलं.