आधी डावं की उजवं

एकदा एका विद्यार्थ्याला एक प्रश्न पडला, आणि तो प्रश्न काखोटीला मारून तो वर्षभर हिंडला. प्रश्न असा, की वेबसाइट बनवण्याची विद्या शिकायची तर आधी फ्रंटएंड शिकावं की बॅकएंड?

ज्यांना या भानगडी ठाऊक नाहीत त्यांनी एवढंच समजावं. फ्रंटएंड म्हणजे दर्शनी बाजू. जी डोळ्यांना दिसते, बोटाने दाबता येते. बॅकएंड म्हणजे मागची बाजू. ती दिसत नाही, पण तुम्ही काय दाबलंत ते लक्षात ठेवते आणि विचारलं की सांगते. एकीवाचून दुसरी कुचकामी. यात विचार करण्यासारखं काही नाही, पण विद्यार्थी हुशार होता. हुशार माणसाला विचार करायला काही लागतच नाही.

त्याची एक आत्या होती. तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या मागच्या गल्लीत तिची खानावळ होती. विद्यार्थी लहानाचा मोठा तिच्याच हातचं जेवून झालेला. तो शहरात शिकायला निघाला तेव्हा आत्या म्हणाली, "अरे, तू ते मोबाइलवरचं शिकतोयस ना? मग मला एक करून दे. पोरं शनिवारी न सांगता गावाला जातात. मी आपली सगळ्यांचा भात टाकून बसते. मग तो भात नालीत ओतायचा. हात धजत नाही रे."

"त्यांना फोन करायला सांग की."

"सांगितलं. लाजतात मेले. फोनवर खानावळीतल्या मावशीशी काय बोलायचं म्हणून फोनच करत नाहीत. पण बटण असलं तर दाबतील. उद्या जेवणार, उद्या नाही जेवणार. बास, एवढंच."

"त्यात काय आहे! करतो. आधी नीट शिकतो," विद्यार्थी म्हणाला.

आणि तो शिकू लागला. म्हणजे काय शिकावं हे शिकू लागला. एकाने सांगितलं, आधी फ्रंटएंड कर, केलेलं लगेच दिसतं, हुरूप येतो. याने फ्रंटएंडचा क्लास लावला. रंग आणि चौकटी जमू लागल्या तोच दुसरा भेटला. तो म्हणाला, रंगरंगोटी कोणीही करेल, खरी विद्या मागे असते. याने क्लास सोडला आणि बॅकएंडचा धरला. तिथे दिसायला काहीच नव्हतं, महिन्याभरात कंटाळा आला. मग तो मोबाइलवर व्हिडिओ पाहू लागला. प्रत्येक व्हिडिओतला माणूस छातीठोकपणे सांगायचा, आणि दुसऱ्या दिवशीचा माणूस तितक्याच छातीठोकपणे उलटं सांगायचा. विद्यार्थी दोघांनाही मान डोलवायचा.

दिवाळीला तो घरी आला. आत्याने करंज्यांचं ताट पुढे सरकवलं आणि हळूच विचारलं, "माझं ते बटण?"

"आत्या, पाया पक्का झाल्याशिवाय हात घालायचा नाही, असं आहे ते."

"अरे, कामचलाऊ केलंस तरी चालेल. मला कुठं मिरवायचंय?"

कामचलाऊ हा शब्द त्याला झोंबला. आपल्या हातून कामचलाऊ काही होणार नाही, असं तो जरा फणकाऱ्यानेच म्हणाला. आत्या "बरं बाबा" म्हणाली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. माणूस विचारायचा थांबला की आपल्याला वाटतं, त्याची गरज भागली. हा विद्यार्थीही तसाच निवांत झाला.

पुढे केव्हातरी, शहरात कोणाचंच उत्तर पटेना तेव्हा, त्याला गावातल्या वृद्ध गुरुजींची आठवण झाली. गुरुजी पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत संगणक शिकवत. खाली दळण, वर शिकवणी. एकटा जीव, दोन्ही वेळचं जेवण आत्याच्या खानावळीत. विद्यार्थी एसटीतून उतरला तो थेट गिरणीचा जिना चढला, नमस्कार केला आणि प्रश्न मांडला.

गुरुजींनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "वर्ष झालं ना रे तुला जाऊन?"

"झालं, गुरुजी."

"आणि अजून दारातच उभा आहेस."

विद्यार्थी ओशाळून हसला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी कोनाड्यातलं स्टीलचं ताट काढलं, पंच्याने पुसलं आणि त्याच्या हातात दिलं. "चल. जेवायची वेळ झाली. जेवता जेवता सांगतो."

"खानावळीत ताटं असतात की, गुरुजी."

"धर म्हटलं ना."

भर दुपारी बाजारपेठेतून दोघे निघाले. पुढे गुरुजी, मागे रिकामं ताट छातीशी धरलेला विद्यार्थी. पानवाल्याने हाक मारली, "काय गुरुजी, पंगत कुठंय?" गुरुजींनी नुसता हात हलवला. विद्यार्थ्याला लाज वाटत होती, पण मनातून तो खूष होता. आत्याला कळवलं नव्हतं. अचानक दारात पाहून ती काय म्हणेल, याचीच तो कल्पना करत होता. आमटीचा वास त्याला कोपऱ्यावरच यायला हवा होता. आला नाही.

गल्लीत शिरले. खानावळीचं दार बंद होतं. वरची पाटी काढलेली, भिंतीवर तिच्या आकाराचा पांढरा चौकोन तेवढा उरलेला. आतून कोणाच्या तरी करवतीचा आवाज येत होता. मोबाइलच्या दुकानाचं फर्निचर चाललं होतं.

गुरुजी पायरीवर बसले. समोरची धूळ फुंकून उडवली, ताट मांडायला लावलं आणि विद्यार्थ्याला मांडी घालून बसवलं. जणू वाढायलाच बसलेत अशा थाटात त्यांनी विचारलं, "बोल. डावी बाजू आधी वाढू की उजवी?"

विद्यार्थी ताटाकडे पाहत राहिला. "गुरुजी, वाढायला आहे काय?"

"हं," गुरुजी म्हणाले. "हे तू आज विचारतोयस."

करवत थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

"ताटाला डावी बाजू असते," गुरुजी बोलू लागले, "चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीला भाजी, आमटी. दोन्हींवाचून ताट होत नाही. पण तुझ्या आत्याला मी कधी असा विचार करताना पाहिलं नाही, की आधी डावं शिकावं की उजवं. समोर पोरगं भुकेलं बसायचं, त्याच्या तोंडाकडे बघून तिचा हात चालायचा. पहिल्या वर्षी आमटी खारट व्हायची तिची. आम्ही खाल्ली. पोट भरलं. हळूहळू हात बसला. तू मात्र नुसतं डावं-उजवं करत राहिलास. तिला हवं होतं एक बटण आणि त्या बटणाची आठवण ठेवणारं मागे काहीतरी. वाकडं बटण चाललं असतं. करता करता दोन्ही बाजू तुला आल्या असत्या. तुला विद्या हवी होती रे, तिला उद्याचा भात किती टाकायचा एवढंच कळायला हवं होतं. कधी उरायचं, कधी पुरायचं नाही. उरलं की ओतायचं, पुरलं नाही की पोरं दुसरीकडे. शेवटी पोरंच उरली नाहीत."

राग काढायला कोणीतरी लागतं, म्हणून विद्यार्थी गुरुजींवरच चिडला. "तुम्हाला येत होतं ना सगळं? रोज इथंच जेवत होतात. मग तुम्ही का नाही करून दिलंत?"

गुरुजींनी ताट उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "विचारलं होतं मी. संक्रांतीला विचारलं, नंतरही एकदा विचारलं. ती म्हणाली, नको गुरुजी, माझा भाचा करतोय. तुम्ही करून दिलंत तर त्याला वाईट वाटेल."

विद्यार्थी उठला आणि आत्याच्या घरी गेला.

आत्याने त्याला पाहिलं, "अगंबाई!" म्हणाली आणि पाट मांडला. जेवायला दोघंच, पण शेगडीवर भाताचं पातेलं हे भलंमोठं. तिने त्याची नजर पाहिली. "हाताला सवय लागलीय रे, थोडं करताच येत नाही. शेजारी देते मग. तुला अजून वाढू?"

"आत्या, माझ्यामुळे..."

"गप जेव. वाळलायस किती." मग भात वाढता वाढता तिने सहज विचारलं, "शिकून झालं का सगळं?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला सोपं गेलं असतं. त्याने मान हलवून नाही म्हटलं, आणि ताटात पडलं ते सगळं संपवलं.

दुसऱ्या दिवशी तो गिरणीचा जिना चढला. गुरुजी म्हणाले, "मग? कुठून सुरुवात करायची?"

"कुणाचं काही अडलंय का, गुरुजी?"

गुरुजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. खालून दळणाचा आवाज येत होता. "लोकांचं अडलेलंच असतं," ते म्हणाले आणि शेजारची खुर्ची त्याच्यासाठी ओढली.

शिकायला सगळा जन्म पडलेला असतो. पण ज्या माणसासाठी शिकायचं, त्याला तेवढी सवड असतेच असं नाही.